यंत्रज्ञ रूडॉल्फ डिझेल

धानाची कापणी आटोपून मळणीचे दिवस आले, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांवर एक परिचित आवाज घुमू लागतो. आमगाव, सालेकसा, गोरेगाव, तिरोडा अशा चहूबाजूंनी धानाच्या कट्ट्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या राइस मिलकडे निघतात. नवी गाडी असेल तर ती नुसती गुरगुरत जाते. परंतु चार पावसाळे पाहिलेली गाडी मात्र दुरूनच आपली वर्दी देते. इंजिनाची टकटक, खालच्या नळीची खडखड, पत्र्याची थरथर, आणि चढ लागला की मागून काळ्या धुराचा लोट! पादचारी नाकाला रुमाल लावून बाजूला होतो. गाडीवानाला मात्र त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की, तो त्याला ऐकूही येत नाही.

विद्यार्थिमित्रहो, त्या गाडीच्या टाकीतील तेलाला आणि तिच्या इंजिनाला आपण दिवसातून किती तरी वेळा डिझेल म्हणतो. परंतु डिझेल हे एका मनुष्याचे आडनाव होय, याची आठवण फारच थोड्यांना असते. तो मनुष्य कोण, त्याने हे यंत्र कसे निर्माण केले, आणि ज्या खडखडाटाने व धुराने आपण त्रस्त होतो त्याच्याशी त्याचा स्वतःचा झगडा कसा झाला, हे जाणून घेण्यासारखे आहे. त्याचे चरित्र जितके उद्बोधक तितकेच हृदयद्रावक आहे.

रूडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. पिता थिओडोर हा ऑग्सबर्ग गावचा बुकबाइंडर. तो पॅरिसला येऊन चामड्याच्या वस्तू तयार करीत असे. घरची स्थिती बेताची होती व मुलाच्या वाट्याला कष्ट लवकर आले. तथापि त्याच्या घरापासून जवळच यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते आणि तेच त्या बालकाचे आवडते ठिकाण बनले. अठराव्या शतकात क्युन्यो नामक फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने बनविलेली वाफेची गाडी तेथे ठेवलेली होती. इतर मुले खेळात दंग असता हा मुलगा यंत्रांची चित्रे काढीत तेथे तासन् तास रमत असे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांवर शहर सोडण्याचा प्रसंग आला. डिझेल कुटुंब सारा संसार मागे टाकून लंडनला गेले. तेथे पोट भरणेच कठीण झाले, म्हणून अवघ्या बारा वर्षांच्या रूडॉल्फला ऑग्सबर्ग येथील नातलग बार्निकेल यांच्याकडे धाडण्यात आले. युद्धाने विस्कळित झालेल्या मार्गांनी त्या मुलाने हा लांबचा प्रवास एकट्याने केला. बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी त्याला आसरा आणि शिस्त दोन्ही मिळाली. चौदाव्या वर्षीच त्याने आपण यंत्रज्ञ होणार असा निश्चय आईबापांना पत्राने कळविला, आणि पुढे शाळेच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून तो निश्चय पोकळ नाही हे दाखवून दिले.

१८७५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तेथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे अध्यापक होते. बर्फ तयार करण्याच्या व हवा थंड करण्याच्या यंत्रांचे जनक म्हणून लिंडे यांचे नाव जगप्रसिद्ध आहे. त्यांच्या व्याख्यानात डिझेलच्या कानावर एक गोष्ट पडली, आणि तिने त्याचे सारे आयुष्य व्यापून टाकले. वाफेच्या इंजिनात कोळसा जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा ते दहा भागच कामी येतात. उरलेले नव्वद भाग धुरावाटे व वाफेवाटे वाया जातात, ही ती गोष्ट. आपल्या गोंदिया जंक्शनावरून जबलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर एकेकाळी वाफेची इंजिने धावत असत. त्यांच्या भट्टीत टाकलेल्या दहा खोऱ्यांपैकी नऊ खोरे कोळसा आकाशात उडून जात होता असे म्हटले, म्हणजे या अपव्ययाची कल्पना येईल. हा अपव्यय कमी करता येणार नाही काय, हा एकच प्रश्न त्या तरुणाच्या मनात घर करून बसला.

अंतिम परीक्षेच्या वेळी १८७९ साली विषमज्वराने त्याला गाठले व परीक्षा चुकली. हातावर हात ठेवून न बसता तो स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात राहिला आणि यंत्रशाळेतील प्रत्यक्ष काम शिकला. १८८० च्या जानेवारीत त्याने परीक्षा दिली व उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. नंतर लिंडे यांच्याच बर्फ-यंत्रांच्या धंद्यात तो पॅरिसला व १८९० पासून बर्लिनला राहिला. १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. दिवसा नोकरी आणि रात्री आपल्या नव्या इंजिनाचे गणित, असा त्याचा क्रम कित्येक वर्षे चालला होता.

त्याच्या कल्पनेचे मर्म सायकलच्या पंपाने सहज समजते. चाकात जोराने हवा भरीत असता पंपाचे खालचे टोक चटका बसण्याइतके तापते. याचे मुख्य कारण असे की, हवा एकदम दाबली म्हणजे ती तापते. हाच दाब तीस-चाळीस पटींनी वाढविला, तर हवा इतकी तापेल की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेईल. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. या इंजिनाला ठिणगीची मुळीच गरज नाही. दाब जितका अधिक, तितका उष्णतेचा उपयोगही अधिक. फेब्रुवारी १८९२ मध्ये डिझेलने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला व दुसऱ्या वर्षी आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. ऑग्सबर्गचा यंत्रनिर्मितीचा कारखाना आणि क्रुप यांची प्रसिद्ध पेढी यांनी त्याला द्रव्यसाहाय्य देण्याचे मान्य केले. ज्या गावी तो पोरका होऊन आला होता, त्याच गावी त्याच्या स्वप्नाला आकार येऊ लागला.

कागदावरचे यंत्र आवाज करीत नाही व धूरही सोडीत नाही; लोखंडाचे यंत्र दोन्ही करते. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडताच असा प्रचंड स्फोट झाला की, वर बसविलेले दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे चोहीकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. दुसरा कोणी असता तर येथेच खचला असता. डिझेलने मात्र या अपघातातून इंधन आपोआप पेटते एवढा निष्कर्ष काढला व तो पुढील कामाला लागला. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर, मिनिटास ८८ फेऱ्या या गतीने, सुमारे एक मिनिट चालले. त्या एका मिनिटासाठी कित्येक वर्षे खर्ची पडली होती.

पुढची तीन वर्षे त्याने दोष शोधण्यात घालविली. तेल बारीक फवाऱ्याने पडत नसे. पडले तर पुरते जळत नसे आणि नळीतून काजळी बाहेर येई. पट्ट्यांतून दाब निसटे. एकेक झडप, एकेक तोटी तो बदलून पाही व टिपून ठेवी. आपल्या पुस्तकातील सिद्धान्ताप्रमाणे जो अतिप्रचंड दाब त्याला हवा होता, तोही सोडून देऊन लोखंडाला सोसवेल तेथे त्याला थांबावे लागले. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्हणजे त्या एका मिनिटाच्या बरोबर तीन वर्षांनंतर, म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. शंभर भाग उष्णतेपैकी २६.२ भाग कामी येत असल्याचे आढळले. वाफेच्या चांगल्या इंजिनाहून हे प्रमाण दुपटीपेक्षा अधिक होते. विद्यार्थिदशेत कानी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला एकोणचाळिसाव्या वर्षी मिळाले.

आता कीर्ती व संपत्ती दोघीही त्याच्या दारी आल्या. अमेरिकेतील हक्कांसाठी ॲडॉल्फस बुश या धनिकाने दहा लक्ष मार्क मोजले. १८९८ साली स्थापन झालेल्या एका मंडळीने उरलेले हक्क पस्तीस लक्ष मार्कांना विकत घेतले. परंतु याच क्षणी त्याच्या हातून मोठी चूक घडली. प्रयोगशाळेत निष्णात माणसांच्या हाताखाली चालणारे इंजिन बाजारात, सामान्य कारागिराच्या हाती देण्याइतके पक्के झाले नव्हते. १८९८ साली केम्प्टन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात विक्रीचे पहिले इंजिन बसले, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी ऑग्सबर्गहून माणसांना पुनःपुन्हा धाव घ्यावी लागली. ऑग्सबर्ग येथेच डिझेलच्या इंजिनांसाठी म्हणून काढलेल्या नव्या कारखान्यातील इंजिने तर गिऱ्हाइकांकडून परत आली आणि तेथील उत्पादन बंद पडले. यंत्र आपले दोष ओरडून सांगत होते. परंतु करार झाले होते, पैसे घेतले गेले होते, आणि जयघोषाच्या गलबल्यात ती ओरड ऐकण्यास कोणास सवड नव्हती. अतिश्रमाने व काळजीने डिझेल आजारी पडला व काही काळ त्याला आरोग्यधामात राहावे लागले.

त्याच्या मनात धनाची हाव मात्र नव्हती. मोठ्या गिरण्यांनी लहान कारागिरांचा धंदा बुडविला याचे त्याला दुःख होते. विणकर, सुतार, लोहार अशा छोट्या धंदेवाल्यांना स्वतःच्या झोपडीत चालविता येईल असे स्वस्त इंजिन आपण द्यावे, ही त्याची आरंभापासूनची इच्छा होती. १९०३ साली त्याने कामगारांच्या सहकारी उद्योगांवर एक ग्रंथही लिहिला. परंतु तो फारसा कोणी विकत घेतला नाही. १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की, इंधनातील फरक थोड्याच प्रेक्षकांच्या ध्यानी आला. आपल्या शेतात पिकणाऱ्या तेलावर शेतकऱ्याने आपले इंजिन चालवावे, ही कल्पना डिझेलने आयुष्याच्या अखेरीपर्यंत उराशी बाळगली होती.

बोटीवर हे इंजिन लवकरच स्थिरावले. १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनावर चालणारे मोठे जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले आणि जगाने आश्चर्याने पाहिले. रस्त्यावरील गाडीचे काम मात्र वेगळे होते. तेलाचा फवारा उडविण्यासाठी त्या काळी दाबलेली हवा लागे, आणि ती दाबण्याचा स्वतंत्र पंप इंजिनाबरोबर वागवावा लागे. जहाजाला त्याचे ओझे वाटत नाही. गाडीला ते असह्य होते. १९०८ च्या सुमारास डिझेलने लहान इंजिन बनवून ते मालवाहू गाडीसाठी वापरण्याचा प्रयत्न केला, तो फळास आला नाही. ज्या गाडीवर आज त्याचे नाव घरोघर पोहोचले आहे, तशी यशस्वी गाडी पाहण्याचे भाग्य त्याच्या नशिबी नव्हते.

बाहेरून पाहणाऱ्यास डिझेल हा लक्षाधीश व यशस्वी पुरुष दिसे. म्युनिक येथे त्याचा राजवाड्यासारखा बंगला होता. परंतु पेटंटांचे खटले, जमिनीच्या व्यवहारातील नुकसान आणि फसलेले व्यवसाय यांनी त्याची संपत्ती आतून पोखरून टाकली होती. त्यातच त्याचे इंजिन मूळ सिद्धान्ताप्रमाणे नाही, सबब ते त्याचे नव्हेच, असा आक्षेप घेणारे टीकाकारही उठले. या हलाखीची पुरती कल्पना घरच्या माणसांनाही नव्हती. जो पुरुष यंत्राच्या बारीकशा टकटकीचा छडा लावल्यावाचून राहत नसे, त्याने स्वतःच्या संसारातील खडखड कोणाच्याही कानी पडू दिली नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी सायंकाळी तो बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर त्याने भोजन केले, सकाळी सव्वासहाला उठविण्यास सांगितले आणि दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीकडे गेला. त्यानंतर त्याला जिवंत कोणी पाहिले नाही. सकाळी खोलीतील बिछाना वापरलेला दिसला नाही. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी व घडी केलेला कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक देह आढळला. खिशातील वस्तू काढून घेऊन तो देह पुन्हा सागरास अर्पण करण्यात आला, आणि त्या वस्तू त्याचा पुत्र ऑयगेन याने ओळखल्या. प्रवासाला निघण्यापूर्वी पत्नीजवळ दिलेल्या पेटीत वीस हजार मार्क निघाले. पेढ्यांतील खाती मात्र रिती होती. तो अपघात होता, की आपणच आपला शेवट करून घेतला होता, की आणखी काही, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. पंचावन्न वर्षांच्या त्या जीवनाची ज्योत अशी काळोखात मालवली.

मनुष्य गेला, यंत्र राहिले, आणि त्याचे दोषही राहिले. ते दूर करण्याचे काम इतरांनी हाती घेतले. इंजिनात फवारा पडल्याबरोबर तेल पेटत नाही; क्षणाच्या अत्यल्प भागाइतका विलंब लागतो. तेवढ्यात अधिक तेल साचले तर ते सारे एकदम भडकते, दाब एकाएकी चढतो आणि हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. डिझेल इंजिनाची सुप्रसिद्ध टकटक ती हीच. थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन गार असता विलंब वाढतो, म्हणून ठोकाही वाढतो. १९०९ साली प्रॉस्पर लोरांज या यंत्रज्ञाने ज्वलनास एका लहान पूर्वकक्षात आरंभ करून हा ठोका सौम्य करण्याची युक्ती काढली. १९२३ व १९२४ साली जर्मनीत डिझेलच्या मालवाहू गाड्या रस्त्यावर आल्या. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने तेल फवारण्याचे लहान व अचूक पंप मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला, तेव्हा दाबलेल्या हवेचे ओझे गाडीच्या डोक्यावरून कायमचे उतरले. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर चाक फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबण्याची ब्यूखी या स्विस यंत्रज्ञाची १९०५ सालची कल्पनाही कालांतराने फळास आली. आपण तिला टर्बो म्हणतो.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. नांगर आणि चरक घडविणाऱ्या किर्लोस्कर मंडळींनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांचा कारखाना काढला. वीज पोहोचण्यापूर्वी अनेक शेतकऱ्यांच्या विहिरींवर अशी लहान इंजिने टकटक करीत पाणी उपसू लागली. छोट्या माणसाच्या हाती शक्ती द्यावी ही डिझेलची इच्छा त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी या मातीत अंशतः पुरी झाली. १९५४ साली जमशेदपूर येथे टाटांनी जर्मन सहकार्याने डिझेलच्या मालगाड्या बांधण्यास सुरुवात केली, आणि मग हे इंजिन आपल्या रस्त्यांचे नित्याचे वाहन झाले.

आता देवरी किंवा सडक-अर्जुनीच्या बाजूस, कोलकाता-सुरत महामार्गाच्या कडेला, एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडे खडखडणारी पिकअप आली असता तो काय करतो ते पाहू. म्हणजे डिझेलच्या प्रयोगशाळेतील कार्य आजही कसे चालू आहे ते कळेल. तो प्रथम पाना उचलीत नाही, तर कान देतो. गाडी उभी असता खडखड होते की चालताना, इंजिन मंद फिरताना होते की वेग वाढविताना, हे तो आधी विचारतो. नंतर इंजिन गार झाल्यावर गाडीखाली शिरून रबरी हातोड्याने नळीला व सायलेन्सरला ठिकठिकाणी हलकेच ठोकतो. नळीवरचा उष्णतारोधक पत्रा गंजून सुटला असेल तर तो पातळ झंकार देतो. सायलेन्सरच्या आतला पडदा तुटला असेल तर डब्यात खडे हलल्यासारखा आवाज येतो. टांगणीचे रबर फाटले असेल तर नळी चासीवर आपटल्याची खूण दिसते. सांध्याभोवती काजळीचा काळा ओघळ दिसला तर तेथील पॅकिंग गेले व वायू फुसफुसत आहे असे समजावे. सारी गाडीच थरथरत असेल, तर दोष नळीचा नसून बहुधा इंजिनाखालच्या फाउंडेशनच्या रबराचा असतो.

उपाय दोषाप्रमाणे असतो. सुटलेला पत्रा मोठा वॉशर घालून किंवा पट्टीच्या क्लॅम्पने आवळतात. फाटलेले रबर नवे घालतात. तेथे तार गुंडाळून नळी घट्ट बांधणे ही मोठी चूक होय. पोलादाची तीन मीटर नळी तीनशे अंशांनी तापली की सुमारे एक सेंटिमीटर लांब होते. तिला हलण्यास जागा नसेल, तर ती सांधा फोडते किंवा इंजिनालाच ताण देते. म्हणूनच तिला रबरावर लोंबती ठेवतात व इंजिनापाशी लवचीक जोड देतात. ज्या वस्तूला आपण सैल म्हणून हसतो, ती कधी कधी जाणूनबुजून सैल ठेवलेली असते!

काही तरुणांना धुराची नळी बदलून गाडीची ताकद वाढवावी अशी हौस असते. ही हौस योग्य मार्गाने पुरविता येते. वायूला बाहेर पडण्यास जितका अडथळा कमी, तितके इंजिनाचे श्रम कमी. म्हणून गंजलेल्या, चेपलेल्या नळीऐवजी न गंजणाऱ्या पोलादाची, वळणावर न दबलेली आणि गाडीच्या मापाला साजेशी नळी घालणे लाभदायक ठरते. परंतु सायलेन्सर काढून टाकणे म्हणजे सुधारणा नव्हे. त्याने आवाज वाढतो, आणि आवाज म्हणजे बळ नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रत्येक गाडीस सायलेन्सर आवश्यक केला आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकामुळे नव्या डिझेल गाड्यांच्या नळीत काजळी अडविणारी चाळणही असते. ती वेळोवेळी अतिशय तापून स्वतःतील काजळी जाळून टाकते. ही चाळण उपटून फेकणे कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, पण शेजाऱ्याच्या छातीवर घाव घालण्यासारखे आहे. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली आहे.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे तेल अधिक व हवा कमी: हवेची जाळी तुंबली असेल, टर्बोकडे जाणारा पाइप फाटला असेल, अथवा तेलाची तोटी बिघडली असेल. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा धूर सुटतच राहिला तर इंधन न जळता बाहेर येत आहे किंवा थंड करण्याचे पाणी आत शिरत आहे. धूर दिसू नये म्हणून नळीचे तोंड खाली वळविणारे लोक आहेत. परंतु त्याने धूर थांबत नाही, फक्त तो पाहणारा फसतो, आणि अखेरीस नुकसान मालकाचेच होते.

डिझेलच्या चरित्राचा बोधही नेमका येथेच आहे. जोपर्यंत त्याने आपल्या यंत्राचे ओरडणे ऐकले, प्रत्येक ठोक्यामागचे कारण शोधले आणि पुस्तकातील स्वतःच्याच सिद्धान्ताला मुरड घालण्यास तो लाजला नाही, तोपर्यंत तो एका मिनिटाच्या चालीपासून जगज्जेत्या यशापर्यंत चढत गेला. जेव्हा कीर्तीच्या घाईने दोष झाकले गेले आणि आपली अडचण त्याने आप्तांपासून लपविली, तेव्हा इतका बुद्धिमान पुरुषही एकटा पडला. दोष असणे ही लाजेची गोष्ट नव्हे. पहिल्या दिवशी जे यंत्र फुटले, त्याच यंत्राने पुढे जग हलविले. दोष दडविणे हे मात्र घातक होय.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी धानाचे कट्टे घेऊन खडखडत जाणारी पिकअप दिसली, तर तिला केवळ हसू नका. त्या आवाजात एका पोरक्या झालेल्या मुलाची जिद्द, तीन वर्षांची अखंड तपश्चर्या आणि अजून पुरे न झालेले काम ऐकू येईल. तुमच्यापैकी एखादा उद्या यंत्रज्ञ होईल, एखादा महामार्गाच्या कडेला पाना हाती धरील. दोघांचेही काम सारखेच मोलाचे आहे. अभ्यासात, घरात, मनात कोठे खडखड ऐकू आली तर कान बंद करू नका. गुरुजनांना, आईबापांना, मित्रांना ती ऐकू द्या. ज्याने डिझेलसारखे ऐकावयास शिकावे आणि डिझेलप्रमाणे लपवू नये, त्याने या थोर पुरुषाच्या जीवनापासून पुरता लाभ घेतला असे समजावे.